कुत्रा असलेल्या घरात ऑर्किड: झाड बिनविषारी, पण कुंडीतल्या बाकीच्या गोष्टींचं काय?

घरात कुत्रा असेल तर ऑर्किड ठेवावं का? खुशाल ठेवा. फुलविक्रेत्यांकडे सगळ्यात जास्त दिसणारं रुंद पानांचं फॅलेनॉप्सिस अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीत कुत्रा, मांजर आणि घोडा या तिघांसाठीही बिनविषारी म्हणून नोंदलेलं आहे. घरात लावली जाणारी इतर नेहमीची ऑर्किडं, म्हणजे कॅटलिया, ऑन्सिडियम, सिंबिडियम, हीदेखील कुत्र्यांना विषबाधा करणारी म्हणून ओळखली जात नाहीत.

पण कुत्रा कुंडीवर तुटून पडतो तेव्हा फक्त पान खाऊन थांबत नाही. कुंडीत मातीऐवजी भरलेली साल आणि शेवाळ, खताचे दाणे, फुलदांड्याची काठी, क्लिप, कुंडीभोवतीचा चकचकीत कागद आणि मागच्या आठवड्यात मारलेलं कीटकनाशक, सगळं एकाच झटापटीत पोटात जातं. खरी काळजी या सामानाची करायची असते. "ऑर्किड सुरक्षित आहे" एवढंच वाचून निर्धास्त होणारे नेमके इथेच फसतात.

आधी झाड ऑर्किडच आहे ना, ते पाहा

"ऑर्किड" या नावाने विकली जाणारी सगळीच झाडं ऑर्किड नसतात. "पीकॉक ऑर्किड" हा खरं तर ग्लॅडिओलसचा प्रकार. त्याचे कंद कुत्र्याने उकरून खाल्ले तर लाळ, उलट्या आणि जुलाब होतात. "ऑर्किड ट्री" म्हणजे कांचनाच्या कुळातलं झाड. "पुअर मॅन्स ऑर्किड" या नावाने मिळणारं शायझँथस तर वांगी-बटाट्याच्या कुळातलं आहे.

फूल असेल तर ओळख एका मिनिटात पटते. ऑर्किडच्या फुलाला बाहेर तीन आणि आत तीन अशी सहा दलं असतात. आतल्या तिनांपैकी एक उरलेल्या दोघांपेक्षा वेगळं, बहुधा खालच्या बाजूला ओठासारखं पुढे आलेलं असतं. फुलाच्या मध्यावर एकच जाडसर खुंट दिसतो, ज्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळलेले असतात. मधून सुटे, हलणारे पुंकेसर बाहेर आले असतील आणि बोट लावल्यावर पिवळी-केशरी पूड लागत असेल, तर ते झाड ऑर्किड नाही. लिलीला असे सहा सुटे पुंकेसर असतात, ग्लॅडिओलसला तीन.

फूल नसेल तर मुळं बघा. फॅलेनॉप्सिसची मुळं जाड, कोरडी असताना रुपेरी आणि भिजल्यावर हिरवी होणारी असतात आणि त्यातली काही हमखास कुंडीबाहेर डोकावतात. पानं जाड, चामट, दोन्ही बाजूंना आळीपाळीने फुटलेली असतात. खोड जवळपास दिसतच नाही. कॅटलिया, ऑन्सिडियम आणि सिंबिडियमला पानांच्या बुडाशी फुगीर गड्डे असतात. ते मातीखाली दडलेले कंद नसून माध्यमाच्या, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेल्या साल-शेवाळाच्या, वर दिसतात.

ऑर्किडच्या कुळात सुमारे २८,००० प्रजाती आहेत आणि त्या सगळ्या कुत्र्यांच्या दृष्टीने तपासलेल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवा. डेंड्रोबियम नोबिले या ऑर्किडमध्ये डेंड्रोबाइन नावाचं अल्कलॉइड (शरीरावर परिणाम करणारं वनस्पतीतलं रसायन) असतं. सिप्रिपेडियम या ऑर्किडच्या पानांवरची लव काही माणसांच्या त्वचेला खाज आणते. यांच्यावरून घाबरून जायचं कारण नाही. मात्र दुर्मीळ प्रजाती गोळा करण्याचा छंद असेल तर ती झाडं कुत्र्याच्या तोंडापासून लांबच राहू द्या.

एकाच टोपलीत आलेली शेजारची झाडं

भेट म्हणून आलेल्या कुंडीत मधोमध ऑर्किड आणि भोवती भरणीची झाडं असतात. ही भरणीची झाडंच बहुतेकदा जास्त घातक. पोथॉस (मनीप्लांट), पीस लिली आणि डिफेनबाकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो, लाळ गळते, कुत्रा पंजाने तोंड खाजवत राहतो. आयव्हीमुळे पोट बिघडतं, कलांचोमुळे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. सागो पाम तर वेगळ्याच पातळीवर धोक्याचा, त्याच्या बिया यकृत निकामी करू शकतात. अशी टोपली आली की त्याच दिवशी झाडं सुटी करा आणि ऑर्किड स्वतंत्र कुंडीत लावा. तसंही ऑर्किडला आणि मनीप्लांटला पाणी वेगवेगळ्या हिशेबाने लागतं, त्यामुळे एकत्र ठेवून दोघांपैकी एकाचं नुकसानच होतं.

आणल्या दिवशी काय काढून टाकायचं

कुंडीभोवतीचा चमकदार कागद, प्लास्टिकची पिशवी, रिबन आणि सजावटीच्या जाळ्या आधी काढा. यात रिबन सर्वांत वाईट. लांब, लवचिक वस्तू आतड्यात अडकली तर एक टोक जागेवर राहतं, आतडं दुसऱ्या टोकाकडे ओढलं जाऊन चुण्या पडतात आणि ते कापलं जाऊ शकतं. अशा वेळी शस्त्रक्रिया करावी लागते.

मग फुलदांडा बघा. त्याला बहुधा तार किंवा बांबूची काठी आणि दोन-तीन चिमट्या लावलेल्या असतात. पातळ तार असेल तर ती काढून गोलसर टोकाची, बोटापेक्षा थोडी बारीक लाकडी काठी लावा. चिमट्यांऐवजी मऊ सुती दोऱ्याची सैल गाठ चालते, मात्र दोऱ्याची टोकं लोंबती ठेवू नका. फुलं संपल्यावर काठी-चिमट्या लगेच काढून टाका. रिकाम्या दांड्यावरची क्लिप पिल्लांना फार आवडते.

कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी थर्माकोलचे तुकडे भरलेले असतात, ते बाहेरून दिसत नाहीत. पुढच्या वेळी कुंडी बदलताना ते काढा. वर पसरलेले रंगीत खडे आणि काचेच्या गोट्या मात्र आजच काढा. खडे गिळणारे कुत्रे कमी नाहीत.

माध्यम: कुत्र्याच्या दृष्टीने कुठलं बरं

ऑर्किड मातीत लावत नाहीत, म्हणून ही निवड तुमच्या हातात असते. स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरतं. त्याचा कोरडा गोळा गिळला गेला तर पोटातलं पाणी शोषून तो फुगतो आणि लहान कुत्र्यात अडथळा निर्माण करू शकतो. नारळाच्या सोडणाचे धागे आणि चिप्स यांचीही तीच तऱ्हा. पाण्याने फुगणारे जेलचे मणी ऑर्किडसाठी विकले जातात, ते कुत्र्याच्या घरात नकोतच.

आमची पसंती पाइनच्या सालीला. १० ते २० मिलिमीटरचे तुकडे, त्यात साधारण पाचवा भाग कोळसा आणि तेवढंच पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), हे मिश्रण फॅलेनॉप्सिसला मानवतं. सालीचे एक-दोन तुकडे कुत्र्याने चावले तर बहुधा ते शीवाटे निघून जातात. मूठभर गिळले तर गोष्ट वेगळी. कोळसा वापरताना तो साधा लाकडी कोळसाच आहे ना, पेटवण्यासाठी रसायन लावलेल्या विटा नाहीत ना, हे पाहून घ्या. आणि बागेत आच्छादनासाठी मिळणारी कोकोची टरफलं ऑर्किडच्या कुंडीत कधीच घालू नका. त्यांना चॉकलेटचा वास असतो आणि त्यांच्यात चॉकलेटमधलं, कुत्र्यांना विषारी असलेलं थिओब्रोमाइनही. कुत्र्याला दोन्ही एकदमच मिळतात.

शेवाळातच झाड ठेवायचं असेल तर माध्यमाच्या वर प्लास्टिकची जाळी गोल कापून बसवा. मधोमध झाडासाठी छेद ठेवा आणि कडा कुंडीच्या आत दाबा. पाणी घालता येतं, उकरता येत नाही.

खतं आणि औषधं

खरं विष बहुतेकदा इथेच सापडतं.

पाण्यात विरघळणारं २०-२०-२० सारखं खत पातळ करून दिलं तर धोका कमीच. ऑर्किडला तसंही लेबलवरच्या प्रमाणाच्या पाव हिश्श्याने देणं बरं: लिटरला २ ग्रॅम लिहिलं असेल तर अर्धा ग्रॅम. मात्र बशीत साठलेलं खतपाणी अर्ध्या तासात ओतून टाका, कारण कुत्रे बशीतलं पाणी पितात. कुंडीत पसरायचे, सावकाश विरघळणारे दाणे टाळा. पुडीतलं सुकं खत बंद डब्यात, उंच कपाटात ठेवा.

सेंद्रिय म्हणून सुरक्षित, हा समज इथे महागात पडतो. हाडांचा चुरा आणि रक्ताची पूड कुत्र्याला खाऊच वाटते. हाडांचा चुरा जास्त खाल्ला गेला तर पोटात घट्ट गोळा होऊन अडकतो, रक्ताच्या पुडीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सगळ्यात घातक म्हणजे एरंडीची पेंड. तिच्यात रिसिन हे जहाल विष राहिलेलं असू शकतं आणि ती खाऊन कुत्रे दगावल्याच्या नोंदी आहेत. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात: उलट्या, रक्ताचे जुलाब, गळाठा. मिश्र सेंद्रिय खताच्या पिशवीवर घटकांची यादी नसेल तर ते घरात आणू नका.

ऑर्किडच्या कोवळ्या मुळांवर गोगलगायी येतात, म्हणून लोक गोगलगायींसाठीच्या गोळ्या टाकतात. त्यात मेटाल्डिहाइड असेल तर कुत्र्यासाठी ते जीवघेणं ठरू शकतं. गोळ्यांत कोंडा किंवा मळी मिसळलेली असते, त्यामुळे कुत्रा त्या आवडीने खातो. मग थरथर, तोल जाणं, झटके आणि झपाट्याने चढणारा ताप, हे सगळं काही तासांत सुरू होतं. यावर उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. लोह असलेल्या गोळ्या तुलनेने सौम्य, पण अख्खा डबा फस्त केला तर लोहाची विषबाधा होते. घरातल्या चार कुंड्यांसाठी यापैकी काहीच लागत नाही. रात्री कुंडीजवळ काकडीची चकती ठेवा आणि पहाटे तिच्यावर गोळा झालेल्या गोगलगायी उचला.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा चांगला चालतो. पण हे अल्कोहोल कुत्र्यांना पिण्याच्या अल्कोहोलपेक्षाही जास्त बाधतं. बोळे मोजून वापरा, मोजून बंद कचरापेटीत टाका, पान पूर्ण सुकेपर्यंत कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बाटली उघडी ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.

मुळांवाटे झाडात भिनणारी कीटकनाशकं वेगळ्या कारणाने त्रासदायक. ती पानातच असतात, धुऊन जात नाहीत. झाड बिनविषारी असलं तरी ते पान तसं राहत नाही. नर्सरीतून आलेल्या झाडावर काय वापरलंय हे क्वचितच सांगितलं जातं. म्हणून नवं झाड पहिले काही आठवडे कुत्र्याला अजिबात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा, पानं ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या.

कुत्र्याने कुंडीजवळ येऊ नये म्हणून सांगितले जाणारे काही घरगुती उपाय तर मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहेत. कॉफीचा चोथा टाकू नका, कॅफिन कुत्र्यांना विषारी आहे. डांबरगोळ्याही नकोत. तिखट भुरभुरलं तर त्याचे डोळे आणि नाक पोळतील, शिवाय पहिल्याच पाण्याला ते धुऊन जाईल.

जागा

फॅलेनॉप्सिसला भरपूर उजेड हवा, कडक ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. नेमकी हीच जागा कुत्र्यालाही बाहेर बघायला आवडते. खिडकीखाली सोफा किंवा खुर्ची असेल तर ती जागा ऑर्किडसाठी बाद समजा.

उंची ठरवताना कुत्रा चार पायांवर किती उंच आहे हे पाहू नका. मागच्या पायांवर उभा राहून त्याचं तोंड जिथे पोहोचतं तिथपासून किमान ३० सेंटिमीटर वर कुंडी हवी. लोंबते फुलदांडे त्या हिशेबात धरा. सालीत लावलेली कुंडी हलकी असते आणि फुलं आली की वरून जड होते, त्यामुळे शेपटीच्या एका फटक्यात आडवी होते. प्लास्टिकची कुंडी जड चिनी मातीच्या बाहेरच्या कुंडीत बसवली की हा प्रश्न सुटतो. आत पाणी साठू देऊ नका, मुळं कुजतात.

कुत्रा फारच उपद्रवी असेल तर टांगती टोपली, किंवा लाकडाच्या फळीवर बांधून भिंतीवर लावलेलं झाड. फळीवरच्या झाडाला माध्यम जवळपास नसतंच, म्हणजे उकरायलाही काही नाही. मात्र ते पटकन सुकतं, कोरड्या हवेत रोज भिजवावं लागतं. ही तयारी असेल तरच करा.

सवय लावणं

पिल्लांचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पडत असतात. या काळात दिसेल ते चावलं जातं. तेवढे महिने झाडं बंद खोलीत ठेवणं हा सगळ्यात कमी कष्टाचा उपाय. मोठा कुत्रा पान चघळत असेल तर बहुधा कंटाळा किंवा हिरवं खाण्याची ओढ हे कारण असतं. कुत्र्याने गवत खाणं सर्वसाधारण आहे.

"सोड" हा शब्द आधी खेळण्यावर शिकवा. तोंडातली वस्तू सोडली की लगेच खाऊ. तो पक्का झाल्यावर दोरी लावून कुंडीजवळ न्या, तो वास घेऊन मागे वळला की तिथेच खाऊ द्या. तोंडातून वस्तू हिसकावली की घाईघाईने गिळायची सवय लागते, आणि मग चिमटी खरोखरच पोटात जाते. बाजारात मिळणारा कडू फवारा चालतो, पण आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा. काही कुत्र्यांना त्या चवीचं काहीच वाटत नाही.

खाल्लंच तर

१. कुत्र्याला बाजूला घ्या, तोंडात उरलेलं बोटाने काढा. हिरड्यांत किंवा टाळूला काठीचा तुकडा रुतलाय का पाहा.

२. उरलेलं सामान गोळा करून काय कमी आहे ते ठरवा: किती पानं, किती साल, चिमट्या किती होत्या, किती राहिल्या. खताची किंवा औषधाची पुडी होती का? असेल तर ती हाताशी ठेवा. सगळ्याचा फोटो काढा.

३. फक्त पान, फूल किंवा मूळ खाल्लं असेल आणि झाडावर अलीकडे काही फवारलं नसेल, तर थोडं पाणी द्या आणि २४ तास लक्ष ठेवा. एखादी उलटी, एखादी पातळ शी, तिच्यात पानाचे तुकडे, इतकं होऊ शकतं. ते विषामुळे नसतं, न पचणाऱ्या तंतूंमुळे असतं. मोठ्या, निरोगी कुत्र्याला काही तास अन्न न देता मग थोडं हलकं अन्न दिलं तरी चालतं. लहान पिल्लांना आणि मधुमेह असलेल्या कुत्र्यांना उपाशी ठेवू नका.

४. गोगलगायींच्या गोळ्या, एरंडीची पेंड, अल्कोहोल, कीटकनाशक किंवा अनोळखी खत पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट पाहू नका. पशुवैद्याला फोन करा आणि लेबल वाचून दाखवा. पहिले एक-दोन तास मोलाचे असतात, कारण तेवढ्या वेळात बऱ्याच गोष्टी पोटातून बाहेर काढता येतात.

५. स्वतःहून उलटी करवू नका. मीठ-पाणी पाजण्याने मिठाचीच विषबाधा होते. घशात बोटं घातली तर चावा बसतो, आणि काठी किंवा तार गिळली असेल तर ती वर येताना अन्ननलिका फाडते.

६. तोंडातून किंवा गुदद्वारातून रिबन, दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, तसाच ठेवून दवाखाना गाठा.

फोनवर सांगायला दोन-तीन गोष्टी तपासून ठेवा. हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. कुत्र्याचं वजनही माहीत हवं, औषधाचा डोस त्यावरच ठरतो.

अडथळ्याची लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही, दोन-तीन दिवसांनीही येतात. पुन्हा पुन्हा उलट्या, पाणीही न टिकणं, शी न होणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर ठेवून बसणं: यातलं काही दिसलं तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागेल. एक्स-रेवर प्लास्टिक आणि शेवाळ नीट दिसत नाही, म्हणून काय गिळलंय याचा अंदाज आधीच सांगा. खूप लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या आणि अंगाला कंप हे एकत्र दिसलं तर कीटकनाशकाचा संशय धरा. त्या वेळी फोनवर वेळ घालवू नका, थेट निघा.

कुरतडलेल्या झाडाचं काय

फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच कोंब असतो, पानांच्या मधोमध. तो शाबूत असेल तर झाड वाचतं. फाटलेलं पान ज्योतीवर तापवून गार केलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा, कापलेल्या जागी दालचिनीची चिमूटभर पूड लावा. मुळांना ती लावू नका, मुळं कोरडी पडतात. मुळं उघडी पडली असतील तर चिरडलेली कापून ताज्या सालीत लावा आणि दोन-तीन दिवस पाणी देऊ नका. फुलदांडा अर्ध्यातून मोडला असेल तर शाबूत डोळ्याच्या एक सेंटिमीटर वर कापा, तिथून नवी फांदी फुटू शकते. कुत्र्याने कुंडीत लघवी केली असेल तर १०-१५ मिनिटं साध्या पाण्याखाली माध्यम धुवा. वास तरीही राहिला तर माध्यमच बदला, नाहीतर कुत्रा पुन्हा तिथेच येईल.

मधला कोंबच खाल्ला गेला असेल तर त्या झाडाला वरून नवं पान येणार नाही. तरी लगेच फेकू नका. हिरवी पानं आणि मुळं शिल्लक असतील तर कधी कधी बुडातून किंवा फुलदांड्याच्या डोळ्यातून नवं रोप, म्हणजे झाडाचं पिल्लू, फुटतं. त्याला स्वतःची दोन-तीन मुळं आली आणि ती पाचेक सेंटिमीटर लांब झाली की ते वेगळं करून लहान कुंडीत लावा.